मोटर विश्रांती घेत आहे

दवाखान्यातला औषधाचा पंप चालवणाऱ्या ‘ड्रायव्हर’ नावाच्या प्रोग्राममध्ये चारशे बारा संदेश होते आणि त्यातला एकही सभ्य नव्हता, असा निष्कर्ष पंप बनवणाऱ्या कंपनीच्या समितीने एकमताने काढला. ‘इथवर आलो’, ‘आता इथे’, ‘मेलो, मोटर अडकली’. यंत्राच्या पोटात काय चाललंय ते कळावं म्हणून प्रोग्रामर बाईंनी आठ वर्षांत सुचेल तसं लिहून ठेवलेलं.

“‘मेलो’? दवाखान्यातल्या यंत्रात?” साहेबांनी चष्मा काढला. “कोणी वाचलं तर?”

“कोणी वाचत नाही, सर.”

“म्हणूनच सुधारायला हवं.”

कप्पाळ! बाई लागल्या कामाला. ‘बिघाड’ हा शब्द घाबरवतो, म्हणून ‘अपेक्षेहून वेगळी स्थिती’ आली. ‘मोटर अडकली’चं ‘मोटर विश्रांती घेत आहे, सहकार्याबद्दल आभार’ झालं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की विश्रांतीला ‘गंभीर’ हा दर्जा शोभत नाही. तो ‘माहिती’वर आणला. महिनाअखेर गंभीर संदेश सदतीसवरून शून्यावर आले, टाळ्या झाल्या, बाईंना प्रमाणपत्र मिळालं. खोटं कशाला सांगू, त्यांना बरं वाटलं.

पुढच्याच महिन्यात बाईंच्या बाबांना दवाखान्यात ठेवलं. उशाशी तोच पंप, आणि बाबांचा रक्तदाब त्यातल्या औषधावर टिकलेला. दुपारी बाईंनी त्यांचा हात हातात घेतला, तर तो गार. नळीतले थेंब थांबले होते.

“सिस्टर, पंप बंद पडलाय.”

“नाही हो ताई, घंटा कुठे वाजली?” सिस्टरने स्क्रीन पाहिला. “मोटर विश्रांती घेतेय म्हणे. आभारही मानलेत.”

बाई ताडकन उठल्या. “अडकलीय ती. आधी दुसरा पंप आणा.”

अडगळीतून जुना पंप आला, अजून ‘मेलो’ म्हणणारा. बाबा थोडक्यात वाचले.

दुसऱ्या दिवशी बाई तावातावाने साहेबांपुढे उभ्या. “घंटा का वाजली नाही?”

“घंटा फक्त गंभीर संदेशाला वाजते. संदेश-सुधारणेच्या परिपत्रकात आहे, पान चौसष्ट. तुमच्या तक्रारीची नोंद घेतो.” त्यांनी दर्जा निवडला. “माहिती.”

बाईंनी पान उघडलं. खाली ‘संपूर्ण वाचलं, मान्य आहे’ आणि त्यापुढे बरोबरची खूण. खूण त्यांचीच.

आता चौसष्टावं पान वाचतं कोण? तुम्हीही परवा फोनवर तशीच एक खूण केलीत. कशाला केलीत, आठवतंय?