न आलेली स्कूटर

मालिनीबाईंनी पोह्यांच्या बशीशेजारी ती वस्तू आणून ठेवली तेव्हा विष्णुपंत खांबेट्यांना वाटलं, बायकोने नवा डबा आणला. चष्मा लावून पाहिलं तर हेल्मेट होतं. स्कूटरवाले घालतात तसलं, कान-गाल सगळं झाकणारं, लालभडक, पुढे वर-खाली होणारी काच.

"हे कोणाचं?"

"तुमचं. आजपासून हे घालून कारखान्यात जायचं."

"अगं, पण मी सायकलवर जातो."

"म्हणूनच."

विष्णुपंत अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअर्स ऑफिसर होते. राहायला बदलापूरला, कात्रपमध्ये. कारखाना स्टेशनपासून आडबाजूला होता, त्यामुळे ते सायकलनेच जात-येत. काळी, उंच, चेनगार्डवाली सायकल. इतक्या वर्षांत ते एकदाही पडले नव्हते, आणि आपल्याला पडण्याची गरज आहे असंही त्यांना कधी वाटलं नव्हतं.

पण खालच्या मजल्यावरचा सुदाम पडला होता. दिवाळीच्या आधी, उतारावर, खडीवरून सायकल घसरून. हातापायाला खरचटलंही नाही, फक्त डोकं मोरीच्या कठड्यावर आपटलं. दवाखान्यातून घरी आला तेव्हा चालत आला, हसत आला. सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. मग एक दिवस मालिनीबाई त्याच्याकडे खिरीची वाटी घेऊन गेल्या. सुदाम गॅलरीत बसला होता. त्याची बायको सखू आतून पाणी घेऊन आली, तेव्हा त्याने तिच्याकडे बोट दाखवून मालिनीबाईंना हळूच विचारलं, "वहिनी, ही बाई कोण? चांगली आहे हो. सकाळपासून माझं सगळं करतेय."

सखूने ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. मालिनीबाई खिरीची वाटी तशीच परत घेऊन वर आल्या.

त्यानंतर त्यांनी कोणाशी चर्चा केली नाही. विष्णुपंत रविवारी दुपारचे झोपले असताना दोऱ्याने त्यांच्या डोक्याचं माप घेतलं आणि थेट उल्हासनगर गाठलं. कॅम्प दोनमधल्या सिंधी दुकानदाराने विचारलं, "भाभी, गाडी कौनसी आहे?"

"सायकल."

"अरे भाभी, सायकलला कोण हेल्मेट घालते?"

"आमच्याकडे घालतात," मालिनीबाई म्हणाल्या, आणि दोरा काउंटरवर ठेवला.

हे सगळं बायकोकडून ऐकून झाल्यावरही विष्णुपंतांनी एक शेवटचा प्रयत्न केला. "मालिनी, लोक हसतील गं."

"हसू देत. हसणाऱ्यांची डोकी त्यांच्यापाशी. माझं एकच आहे, ते तुमच्या खांद्यावर आहे."

विष्णुपंतांनी हेल्मेट घातलं.

लोक हसले असते तर एक वेळ परवडलं असतं. पण कोणी हसलंच नाही. सगळ्यांनी त्यातून अर्थ काढला. कोपऱ्यावरचा दूधवाला म्हणाला, "काका, नवी स्कूटर? पहिल्याच दिवशी बंद पडली का?" रस्त्यात एका ओळखीच्या रिक्षावाल्याने वेग कमी करून सांगितलं, "साहेब, प्लग बघा, प्लग. कचरा असणार." विष्णुपंत काचेआडून मान हलवत राहिले. पॅडल मारणाऱ्या माणसाच्या डोक्यावर हेल्मेट आहे, म्हणजे त्याच्याकडे कुठेतरी स्कूटर आहे, याबद्दल गावात कोणालाच शंका नव्हती.

कारखान्याच्या गेटवर हरिचंद्र वॉचमनने सलाम ठोकला. हरिचंद्र बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरचा, स्वभावाने अतिशय सरळ माणूस. त्याने विष्णुपंतांच्या मागे रस्त्याकडे लांबवर पाहिलं.

"सायेब, स्कूटर कुठं हाय?"

आता खरं सांगायचं तर सुदामची गोष्ट सांगावी लागणार, बायकोची भीती सांगावी लागणार, दोऱ्याचं माप सांगावं लागणार. मागे शिफ्टची माणसं कार्ड पंच करायला खोळंबली होती. विष्णुपंत घामेजले होते. ते एवढंच म्हणाले, "येईल."

तो एकच शब्द. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याचं "खांबेटेसाहेबांचा स्कूटरचा नंबर लागला" असं झालं. त्या काळी स्कूटरला नंबर लावून माणसं वर्षानुवर्षं वाट बघत. नंबर लावताना जन्मलेलं पोर शाळेत जाऊ लागलं तरी गाडीचा पत्ता नसे. त्यामुळे नंबर लागणं ही लग्न ठरल्यासारखीच बातमी होती. दोन शिपाई पेढे मागून गेले. पॅकिंगच्या बायकांनी कोणता रंग घेताय म्हणून विचारलं. विष्णुपंत "अजून काही नक्की नाही" म्हणाले, तर त्यांनी तेही रंगाबद्दलच आहे असं समजून पांढरा घ्या, असा सल्ला दिला.

हे सगळं आपोआप विरून जाईल अशी त्यांची समजूत होती. विरलं नाही, कारण पंधरवड्याने अकाउंट्समधले आण्णा पेठे त्यांच्यापाशी येऊन बसले. आण्णा निवृत्तीला आलेले, कोणाकडे कधी काही न मागणारे. त्यांनी चहाची बशी उगाच दोनदा पुसली.

"विष्णुपंत, एक मागू?"

"मागा ना."

"आमच्या मीनलचं ठरत आलंय. मुलगा फार चांगला. बाळ नाव. उल्हासनगरला शाळेत विज्ञान शिकवतो. हुंडा वगैरे काही घेत नाहीत ते लोक. फक्त त्याच्या वडिलांचं म्हणणं, मुलगा सायकलवर शाळेत जातो ते बरं दिसत नाही, तेव्हा स्कूटर तेवढी द्या. मी पैसे उभे करीन हो, पण गाडी कुठून आणू? माझा नंबर लागेपर्यंत मीनलला सून यायची." आण्णांचा आवाज खाली गेला. "तुमचा लागलाय. तुम्ही अजून सायकल चालवू शकता. मला द्याल?"

विष्णुपंतांनी तोंड उघडलं. समोर आण्णांचे डोळे भरून आले होते. अशा माणसाला, अहो, मुळात स्कूटरच नाही, असं कसं सांगायचं? ते म्हणाले, "बघू."

आयुष्य अकाउंट्समध्ये काढूनही आण्णांना 'बघू'चा अर्थ कळत नव्हता. त्यांनी विष्णुपंतांचे दोन्ही हात धरले. दोन दिवसांनी येऊन म्हणाले, "त्यांना कळवलं. उद्या संध्याकाळी घरी येताहेत, सुपारी फोडायला. तुम्हीही सुटल्यावर तसेच चला माझ्याबरोबर. मुलाचे वडील जरा संशयी आहेत. तुमच्या तोंडून ऐकलं की त्यांची खात्री पटेल."

त्या दिवशी विष्णुपंत घरी आले तर मालिनीबाई दारातच उभ्या.

"आपण स्कूटर घेतोय म्हणे? मला आज जिन्यात कळलं."

"मी असं कुठेच म्हटलेलं नाही. मी फक्त 'येईल' म्हणालो."

"आणि?"

"आणि 'बघू' म्हणालो."

त्यांनी सगळं सांगितलं. मालिनीबाई रागावतील असं त्यांना वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत. हेल्मेट हातात घेऊन बराच वेळ त्याची काच पुसत राहिल्या.

"बायकोला भीती वाटते म्हणून घालतो, एवढं सांगायला इतकी लाज वाटली तुम्हाला?"

विष्णुपंत रात्री नीट जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आण्णांबरोबर निघाले. आण्णांचं घर अंबरनाथलाच, कारखान्यापासून जवळ, एका चाळीत तळमजल्यावर. रस्त्यात त्यांनी तीनदा सुरुवात केली, "आण्णा, मला तुम्हाला काही सांगायचंय." आण्णा तिन्ही वेळा म्हणाले, "आधी काही बोलू नका, मला भरून येतं."

बैठकीच्या खोलीत पाहुणे येऊन बसले होते. मुलाचे वडील गंगाधरपंत म्हणजे घरात एकट्यानेच बोलायची सवय असलेला माणूस. शेजारी बाळ, सडपातळ, खाली मान घालून. आतल्या दाराशी मीनल चहाचा ट्रे घेऊन उभी. विष्णुपंत हेल्मेट मांडीवर घेऊन खुर्चीत टेकले.

"हे बघा खांबेटे," आण्णा कौतुकाने म्हणाले. "हेल्मेट आधी आलं, स्कूटर मागून येतेय."

"कधी येतेय?" गंगाधरपंतांनी विचारलं.

विष्णुपंत म्हणाले, "येत नाहीये."



"म्हणजे?"

"म्हणजे मी स्कूटरला नंबर कधी लावलाच नव्हता. हे हेल्मेट मी सायकलवर घालतो."

गंगाधरपंत हसले. "अहो, सायकलवर कोणी हेल्मेट घालतं का? सरळ सांगा ना, दुसरं गिऱ्हाईक मिळालं म्हणून."

आण्णांचा चेहरा पांढरा पडला. "विष्णुपंत, तुम्हाला द्यायची नव्हती तर तसं सांगायचं होतं. पण ही थट्टा? माझ्या मुलीच्या लग्नात?"

सतरा वर्षं ज्या माणसाशेजारी डबा उघडला, त्याने असं बोलावं हे विष्णुपंतांना फार लागलं. आणि लागलं म्हणूनच त्यांची जीभ सुटली. त्यांनी सुदामची गोष्ट सांगितली. सखूची सांगितली. खिरीची वाटी तशीच परत आल्याची सांगितली.

"माझी बायको त्या दिवसापासून नीट झोपत नाही," ते म्हणाले. "मी एक दिवस घरी येईन आणि तिलाच विचारीन, बाई तुम्ही कोण, ही तिची भीती आहे. ती भीती मी डोक्यावर घालून फिरतो. मला सांगायची लाज वाटली, म्हणून मी 'येईल' म्हणालो. चूक माझी आहे, आण्णा. पण खोटं नाही बोलत आता."

मीनलच्या हातातले कप किणकिणले. मग तोवर एक शब्द न बोललेला बाळ पुढे झुकला.

"काका, बघू जरा?"

त्याने हेल्मेट हातात घेतलं, आतून दाबून पाहिलं. मग केस मागे सारून कपाळ दाखवलं. केसांच्या कडेला टाक्यांची जुनी खूण होती. "मी दोनदा पडलोय. दुसऱ्यांदा शाळेतल्या पोरांनीच उचलून नेलं. हे कुठे मिळालं तुम्हाला?"

"कॅम्प दोनला."

"बाबा," बाळ म्हणाला, "मला स्कूटर नको. मला हे पाहिजे."

"गप्प बस!" गंगाधरपंत कडाडले. "मास्तर सायकलवर लोखंडी टोप घालून जाणार? गाव काय म्हणेल? स्कूटरशिवाय हे लग्न—"

बाळने शांतपणे हेल्मेट डोक्यावर चढवलं, काच खाली ओढली आणि पट्टा लावून टाकला.

"काढ ते!"

"काय?" आतून घुमल्यासारखा आवाज आला. "यात काही ऐकू येत नाही, बाबा."

"काढ म्हणतो ना!"

"स्कूटरचं काय म्हणालात?"

गंगाधरपंत उठले, बसले, पुन्हा उठले. त्यांनी पट्ट्याला हात घातला, पण तो कसा निघतो ते त्यांना माहीत नव्हतं. समोर लग्नाचा मुलगा लाल हेल्मेट घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून आज्ञाधारकपणे बसला होता. दारात मीनलने ट्रे खाली ठेवला आणि पदराने तोंड झाकलं. तिचे खांदे हलत होते. आण्णांना ती रडतेय असं वाटलं.

"बरं, राहू दे स्कूटर," गंगाधरपंत शेवटी पुटपुटले. "पण ते काढ."

"काय?"

"राहू दे म्हटलं!"

"अं?"

"अरे, स्कूटर नको! नको! नको म्हणतोय मी!" गंगाधरपंत जीव खाऊन ओरडले.

हे मात्र बाळलाच काय, सगळ्या चाळीला ऐकू गेलं. शेजारच्या दोन बायका खिडकीशी आल्या. समोरचे एक म्हातारे गृहस्थ उंबऱ्यात येऊन म्हणाले, "वा, पाहुणे! अशी माणसं राहिली नाहीत हो आता. मुलाकडचे असून ओरडून नको म्हणताहेत!" मागून आणखी चार माणसं आली. कोणीतरी गंगाधरपंतांच्या पाया पडलं. त्यांनी एकदा गर्दीकडे पाहिलं, एकदा हेल्मेटकडे, आणि मग कोटाचं बटण लावत गंभीरपणे म्हणाले, "आमचं तत्त्वच आहे ते."

सुपारी फुटली. चहा झाला. आण्णा विष्णुपंतांना फाटकापर्यंत सोडायला आले. त्यांनी विष्णुपंतांच्या सायकलचं सीट हाताने पुसून दिलं. बाळने हेल्मेट अजून काढलं नव्हतं. वडील घरी पोचेपर्यंत काढणार नाही म्हणाला. "उद्या कारखान्यात आणून देतो," आण्णा कसंबसं म्हणाले.

विष्णुपंतांनी पॅडलवर पाय ठेवला आणि ते थांबले. पंधरवडाभर हेल्मेटमध्ये राहिलेल्या डोक्याला वारा लागला. डोकं एकदम उघडं, पोरकं वाटलं. आजवरच्या आयुष्यात ते असंच उघडं घेऊन आपण या रस्त्याने वेगात जात होतो, याचं त्यांना पहिल्यांदाच नवल वाटलं. त्यांनी पाय खाली घेतला, हँडल धरलं आणि चालायला लागले.

कात्रपला पोचले तेव्हा दिवेलागण केव्हाच उलटून गेली होती. मालिनीबाई कोपऱ्यावर येऊन उभ्या होत्या.

"अहो, इतका उशीर? आणि सायकल हातात? हेल्मेट कुठाय?"

"नवऱ्या मुलाच्या डोक्यावर."

त्यांनी चालता चालता सगळं सांगितलं. आपण भर बैठकीत काय बोललो, तेही सांगितलं. मालिनीबाईंनी हँडलची दुसरी बाजू धरली.

"म्हणजे अंबरनाथपासून चालत आलात?"

"हो."

"वाटेत कोणी विचारलं नाही?"

"पुष्कळांनी विचारलं. मी खरं तेच सांगितलं. हेल्मेट नाही, म्हणून चालतोय."

"मग?"

"एकाने घरातून पंप आणून दिला," विष्णुपंत म्हणाले. "दुसरा म्हणाला, लाजू नका काका, पुढे पंक्चरवाला आहे, चांगला आहे."

मालिनीबाईंना हसू आलं. रस्त्यातच थांबून, सायकलच्या सीटवर डोकं टेकवून त्या हसत राहिल्या. विष्णुपंत सायकल दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे होते.