अव्वल दर्जाचा बर्फ

ज्या वस्तूची प्रत ठरलेली नाही, ती जगात असून नसल्यासारखीच. (मुलगी पाहायला जाणाऱ्या मंडळींना हे फार पूर्वी कळले होते, शासनाला जरा उशिरा कळले.) म्हणून कापूस खरेदी केंद्रावर वजनकाट्याच्याही आधी ग्रेडर बसवलेला असतो. गाडीत काय आहे ते शेतकऱ्याला माहीत असते. तिथे काय आहे असे मानायचे, ते ग्रेडर सांगतो. त्यावरच भाव ठरतो.

राळेगाव तालुक्यातल्या एका केंद्रावर नंदकिशोर एकोणीस वर्षे हे काम करत होते. राहायला यवतमाळला, रोज एस.टी.ने अपडाऊन. गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर कापूस बाहेर काढायचा, अंगठ्याने दाबायचा आणि 'ओलसर' किंवा 'पिवळट' म्हणायचे, एवढ्यात निकाल लागे. केंद्रावर ओल मोजायचे यंत्रही होते, पण पहिल्याच पावसाळ्यात ते भिजून बंद पडले होते.

दोन हजार पाच सालच्या हंगामात डिसेंबरच्या मध्यापर्यंत त्यांनी एक हजार चारशे बारा गाड्या तपासल्या. पहिल्या प्रतीचा कापूस एकाही गाडीत निघाला नाही. तो निघू नये असा वरून फोन होता. (हे 'वर' नेमके कुठे आहे ते त्यांनी कधी पाहिले नव्हते. फोन मात्र न चुकता येई.) नंदकिशोर वाईट मनुष्य नव्हते. प्रत गाडी पाहण्याआधीच ठरलेली असल्यामुळे पक्षपाताला जागाच उरत नव्हती. इतका निःपक्षपाती अधिकारी जिल्ह्यात शोधून सापडला नसता.

अशा सरळ माणसाच्या घरी त्या डिसेंबरात शाळेचे परिपत्रक आले.

त्यांची मुलगी स्पृहा तिसरीत, कॉन्व्हेंटमध्ये होती. आपल्याकडे इंग्रजी शाळेला कॉन्व्हेंट म्हणतात. त्यासाठी तिथे जोगिणी असाव्या लागत नाहीत, टाय असावा लागतो. परिपत्रकात म्हटले होते की प्रत्येक पाल्याने घरी ख्रिसमसचे झाड सजवावे, परीक्षण समिती घरोघरी येईल, वीस गुण. झाड शंकूच्या आकाराचे हवे. टोकाला तारा हवा. पर्यावरणाच्या दृष्टीने थर्मोकोल चालणार नाही. आणि शेवटी, जाड अक्षरांत: बर्फ बंधनकारक आहे. तो पांढराशुभ्र, कोरडा व नुकताच पडल्यासारखा असावा.

यवतमाळात बर्फ रसवंतीत पडतो, तोही फडक्यात गुंडाळून हातोडीने फोडल्यावर. नुकताच पडलेला बर्फ शाळेत कुणीच पाहिलेला नव्हता. त्यामुळे परीक्षकांत मतभेद होण्याची भीती नव्हती.

झाडाचे जमले. सरकारी वसाहतीच्या कुंपणाजवळच्या सुरूची फांदी पत्र्याच्या डब्यात काळी माती भरून रोवली. दिवाळीचा आकाशकंदील नुकताच माळ्यावर गेला होता, त्याला खाली आणून ताऱ्याच्या पदावर बढती दिली. गणपतीची दिव्यांची माळ, पत्नी सुनीतीबाईंच्या जुन्या बांगड्या, चमकीच्या कागदात गुंडाळलेल्या काड्यापेट्या, सगळे यथास्थित चढले. राहिला बर्फ. सुनीतीबाईंनी औषधाच्या दुकानातून कापसाची गुंडाळी आणली. स्पृहाने ती नाकाला लावली आणि रडायलाच बसली.

"हा दवाखान्याचा आहे. माझं झाड आजारी नाहीये."

"अहो," सुनीतीबाई म्हणाल्या, "तुमच्या सेंटरवर ढिगानं कापूस येते. दोन मुठी पांढरा कापूस आणता येत नाही तुम्हाले?"

आणता येत होता, तीच तर अडचण होती. रजिस्टरप्रमाणे यंदा तालुक्यात पांढरा कापूस नव्हताच. तो घरी आणणे म्हणजे आपल्याच सहीला आपण खोटे पाडणे. न आणावा, तर पोरीचे मार्क जातात. नंदकिशोरांना त्या रात्री नीट झोप लागली नाही. एक हजार चारशे बारा गाड्यांनी त्यांची झोप कधी मोडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी सोबत नेली. रांगेत सदाशिवरावांची गाडी होती. सदाशिवराव सत्तरीचे, पहिल्या वेचणीचा कापूस घेऊन तीन दिवस गाडीखाली झोपत होते. आदल्या दिवशीच नंदकिशोरांनी तो कापूस दाबून 'ओलसर, पिवळट' म्हटले होते, आणि सदाशिवरावांनी ती प्रत घ्यायला नकार दिला होता. "पुन्हा पाहा साहेब, घाई नाही मले," एवढेच म्हणून ते बसून राहिले होते. सगळ्या रांगेत पांढरा म्हणावा असा कापूस तोच होता. नंदकिशोरांच्या हाताला हे पहिल्याच दाबात कळले होते.

"सदाशिवराव, मूठभर पाहिजे होता. पोरीच्या शाळेत झाड सजवायचंय."

"मंग मुठीनं कायले? पिशवी आणा इकडं." म्हाताऱ्याने वरचा थर बाजूला सारला, आतून पुंजका न पुंजका निवडून पिशवी भरली, एकाला चिकटलेला पानाचा चुरा फुंकून काढला. "लेकराच्या कामाले चांगलाच पाह्यजे न, साहेब."

नंदकिशोरांना लाज वाटली. खरोखरची वाटली, कानापर्यंत. पण लाजेसाठी रजिस्टरात रकाना नसल्याने ती कुठे नोंदवता आली नाही.

घरी सुनीतीबाईंनी परातीत बसून एकेक सरकी काढली, कापूस पिंजला आणि फांद्यांवर अंथरला. झाड असे दिसू लागले की शेजारचे चार जण स्वेटर घालून पाहायला आले. (बाहेर पारा सव्वीसवर होता.) समिती संध्याकाळी पाचला आली. तेव्हा लोडशेडिंग चालू होते, म्हणून 'माळ पेटते असे गृहीत धरून' त्या रकान्यात बरोबरची खूण झाली. समितीतल्या शाल्मली मॅडमनी बर्फाला बोट लावले, आणि त्यांच्या तोंडून "अय्या!" एवढेच निघाले. मग त्यांनी फॉर्म पुढे केला. खाली पालकाचे प्रमाणपत्र होते: 'सदर झाडावरील बर्फ पांढराशुभ्र व कोरडा असल्याचे मी स्वतः तपासून प्रमाणित करतो.' नंदकिशोरांनी सही केली. एकोणीस वर्षांत तपासून केलेली त्यांची ही पहिलीच सही असावी.

चौथ्या दिवशी स्थानिक पेपरात फोटो आला: झाड, स्पृहा, मागे हसरे नंदकिशोर. खाली बातमीत ते प्रमाणपत्र शब्दशः छापले होते.

त्याच सकाळी केंद्रावर सदाशिवराव पेपर घेऊन उभे होते. सातवा दिवस होता. मागे सगळी रांग जमली होती.

"साहेब, मले वाचता येत नाही बराबर. पोरायनं वाचून दाखवलं. हा कापूस माया गाडीतला हाये न?"

"हो."

"अन् खाली सही तुमची हाये?"

"हो."

"तुम्हीच लिवलं, पांढरा अन् कोरडा. मंग माया गाडीवर तेच लिवा न. मी दुसरं काहून मागू?"

नंदकिशोरांनी गाडीत हात घातला. मूठ बाहेर काढून बराच वेळ तशीच धरली, अंगठा मात्र दाबला नाही. लिहून टाकावे, असे त्यांना मनापासून वाटले. एवढ्यात ऑफिसात फोन वाजू लागला. फोन कुणाचा होता कोण जाणे, पण नंदकिशोर सरळ उभे राहिले आणि त्यांना नियम सापडला.

"सदाशिवराव, ते प्रमाणपत्र बर्फाचं आहे. बर्फ म्हणून हा पहिल्या प्रतीचा आहे, त्यात वादच नाही. कापूस म्हणून दुसऱ्या."

रांगेत कुणीतरी हसले. सदाशिवराव हसले नाहीत. त्यांनी पेपराची नीट घडी केली.

"मंग सांगा साहेब, पुढच्या साली बर्फच पेरू का?"

यावर काय उत्तर द्यायचे याविषयी वरून सूचना नव्हती, म्हणून नंदकिशोर पुढच्या गाडीकडे वळले.

ही हकीकत आम्ही आजवर पुष्कळ ठिकाणी सांगितली आहे. सुशिक्षित, हळव्या मनाच्या लोकांना सांगितली आहे. शेवटी सगळे एकच विचारतात, आणि तुम्हीही मघापासून त्याच्याच वाटेकडे डोळे लावून बसला आहात, म्हणून सांगून टाकतो: वीसपैकी वीस. शाळेत पहिली आली.

सदाशिवरावांच्या गाडीचे काय झाले, हे अजून कुणीच विचारलेले नाही.