जीवितहानी : निरंक

आमच्या खरकुसाही गावचे कुळमणी जेना नव्वदीच्या घरात असताना, दुपारी पखाळ, म्हणजे पाण्यात भिजवलेला शिळा भात, आणि भाजलेली सुकी मासळी खाऊन, हात धुऊन भिंतीला टेकले आणि वारले. आजार नव्हता, तळमळ नव्हती, मागे कसली भानगड नव्हती. इतका नेटका मृत्यू आमच्या किनाऱ्यावर क्वचितच कोणाच्या वाट्याला येतो. चूक एवढीच झाली की जिल्ह्यात चक्रीवादळाचा इशारा लागू असताना ते वारले, आणि तेही सरकारी निवाऱ्यात.

मी गावचा मास्तर. आमची शाळा वादळ-निवाऱ्याच्या इमारतीतच भरते. आभाळ मोकळं असलं की मी मुलांना पाढे शिकवतो आणि समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की मी निवारा समितीचा सचिव होतो. त्या दिवशी ‘मैना’ नावाचं वादळ संध्याकाळी किनाऱ्याला धडकणार होतं. वादळांना इतकी गोड नावं कोण ठेवतं कोणास ठाऊक. सगळं गाव शेळ्या-कोंबड्यांसह निवाऱ्यात दाखल झालं होतं.

एकोणीसशे नव्व्याण्णवच्या महावादळात आमच्या भागात इतकी माणसं गेली की मोजणाऱ्यांनी मोजणं सोडलं. त्यानंतर सरकार खरोखरच शहाणं झालं. निवारे बांधले, भोंगे बसवले, म्हाताऱ्याकोताऱ्यांना उचलून आणायला गावोगावी पोरं तयार केली. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. आज आम्ही जिवंत आहोत ते त्यामुळेच. पुढे एका वादळात आमच्या विकासगटात कोणीच मेलं नाही आणि अहवालात ‘जीवितहानी : निरंक’ असं लिहिलं गेलं. दुखणं तिथून सुरू झालं. निरंक एकदा मिळालं की त्याहून चांगलं काही मिळवता येत नाही, फक्त घालवता येतं. लागोपाठ काही वादळं निरंक गेल्यावर माणसं वाचवण्याचं काम मागे पडलं आणि निरंक वाचवण्याचं काम पुढे आलं. या वेळी तर त्यासाठी ढाल ठेवली होती आणि ती देण्याघेण्याचा सोहळा बघायला परदेशी पाहुणे येणार होते.

गाव कुळमणींना अजा, म्हणजे आजोबा, म्हणायचं. त्यांची मुलगी कुंतला. नवरा वारल्यापासून ती बापाकडेच राहायची आणि बापाचं सगळं करायची. ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “मास्त्रे, बापा गेले. उजेड आहे तोवर मसणात नेऊ या. पाऊस लागला तर लाकडं भिजतील.”

तिची घाई उगाच नव्हती. नव्व्याण्णवमध्ये जिथे तिथे प्रेतं पडली होती आणि शिवायला कोणी धजत नव्हतं, तेव्हा कुळमणी अजांनी ओली लाकडं रॉकेलने पेटवून नावगाव नसलेल्या माणसांनाही अग्नी दिला होता. त्यानंतर ते मुलीला एकच सांगत आले: मला पडू देऊ नकोस. बाकी काही मागितलं नाही त्यांनी कधी.

सचिवाचं कर्तव्य म्हणून मी वरच्या मजल्यावर जाऊन बीडीओ, म्हणजे गटविकास अधिकारी, त्रिलोचन सामंतराय यांना ही वार्ता कळवली.

“वादळ पोचलं?” त्यांनी दचकून विचारलं.

“नाही आज्ञा, संध्याकाळी पोचायचं आहे.” आमच्याकडे साहेबाला आज्ञा म्हणतात.

“मग हे आधीच कसे काय?”

“आज्ञा, वय झालं होतं.”

“वय हे कारण होत नाही, मास्त्रे. वय हे वय असतं.” त्यांनी घाम पुसला. “इशारा असताना जो मरेल तो वादळात मेला असं धरतात. तो आपल्या मौतीने मेला हे दाखवायला शवविच्छेदन लागतं. त्यासाठी जिल्ह्याला न्यायला हवं. रस्ते बंद आहेत. कशामुळे बंद आहेत?”

“वादळामुळे, आज्ञा.”

“झालं! म्हणजे फिरून वादळच आलं. यातून एकच मार्ग दिसतो. इशारा उठेपर्यंत त्यांनी थांबायला हवं.”

निवाऱ्यावर नेमणूक झालेल्या डॉक्टर इप्सिता राउत यांना बोलावलं. त्यांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले आणि निदान सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात बीडीओसाहेबांनी सहज चौकशी केली, “मॅडम, तुमच्या बदलीचा अर्ज कुठपर्यंत आलाय?” डॉक्टरांनी तोंड मिटलं. मग घसा साफ करून त्या म्हणाल्या, “प्रकृती स्थिर आहे.” यात खोटं काहीच नव्हतं. कुळमणी अजांइतकी स्थिर प्रकृती त्या इमारतीत कोणाचीच नव्हती.

एकदा स्थिर ठरल्यावर बाकीचं ओघाने आलंच. त्यांच्या उशाशी चुडा-गुळाचं, म्हणजे पोहे-गुळाचं, पाकीट ठेवलं गेलं, कारण माणशी एक पाकीट असा आदेश होता. मच्छरदाणी लावली गेली. धीर द्यायला नेमलेल्या एक बाई त्यांच्याशी बराच वेळ बोलल्या आणि जाताना मला म्हणाल्या, “घाबरलेत, पण ऐकून घेतात.” कुंतला बापाच्या पायाशी बसून हे सगळं बघत होती. तिला रडायलाही मनाई होती, कारण रडण्याने इतर निर्वासितांचं मनोबल खचतं.

संध्याकाळी राजधानीतून मंत्रीमहोदय पडद्यावर आले. त्यांना निवाऱ्यातल्या सर्वांत वृद्ध नागरिकाशी बोलायचं होतं. सर्वांत वृद्ध कोण, यावर वाद नव्हता. अजांना उशी लावून बसवलं.

“अजा, सोय नीट आहे ना?”

अजा गप्प.

“जेवण मिळालं?”

गप्प.

“काही तक्रार? मोकळेपणाने सांगा.”

अजांनी मोकळेपणाने काहीच सांगितलं नाही. मंत्री भारावले. आसपासच्या अधिकाऱ्यांना म्हणाले, “इतकी वर्षं राजकारणात आहे, पण तक्रार नसलेला नागरिक आज पहिल्यांदा भेटला.”

त्याच सुमाराला मैनाचा विचार बदलला आणि ती दुसऱ्याच राज्याच्या दिशेने निघून गेली. आमच्याकडे माडाची एक झावळी पडली. ती आधीपासूनच लोंबत होती. सकाळी लख्ख ऊन पडलं. कुंतला बीडीओसाहेबांपुढे जाऊन उभी राहिली.

“आज्ञा, वादळ गेलं. आता बापांना नेते.”

“वादळ गेलं, इशारा कुठे गेलाय? इशारा सक्षम प्राधिकाऱ्याने उठवावा लागतो.”

“मग उठवा की.”

“ते पाहुण्यांच्या स्वागताच्या बैठकीत आहेत.”

खरी पंचाईत स्वयंपाकघरात झाली. चुडा संपला होता आणि आमच्याकडे गावात प्रेत असेपर्यंत कोणी चूल पेटवत नाही. गदेई आचारी भल्यामोठ्या कढईशेजारी हाताची घडी घालून बसला. बीडीओसाहेबांनी त्याला समजावलं की कुळमणी जेना यांची प्रकृती स्थिर असल्यामुळे चूल पेटवायला कोणतीही अडचण नाही.

“ठीक आहे,” गदेई म्हणाला. “मग पहिला घास त्यांना भरवा. गिळला की मी आग लावतो.”

दुपारपर्यंत पोरं भुकेने किंचाळायला लागली आणि गाव खवळलं. “हा काय चावटपणा आहे? म्हाताऱ्याला नेऊ द्या!” अशी ओरड झाली. मला वाटलं, आता कुंतलाचं काम होतंय. तेव्हा बीडीओसाहेब जिन्यात येऊन उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, “तुमचा गट निरंक राहिला तर ढालीबरोबर या गावाला दवाखान्यापर्यंत पक्का रस्ता मंजूर आहे. मी काही लपवून ठेवत नाही. तुम्हीच ठरवा.”

रस्ता म्हणजे आमच्या गावचं जुनं दुखणं. पावसाळ्यात बाळंतिणीला खाटेवर घालून चिखलातून न्यावं लागतं आणि खाटेवरच मायलेकरांचा निकाल लागलेला आम्ही पाहिला आहे. ओरडीची कुजबुज झाली, आणि मग एक म्हातारी कुंतलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “अगं, नव्वद वर्षं काढली त्यांनी. आणखी एखादा दिवस काढतील.” दुसरा एकजण, ज्याच्या मावशीचे अजा यजमान, थेट अजांपुढेच हात जोडून म्हणाला, “मउसा, थोडं सांभाळून घ्या हो. पोराबाळांचा प्रश्न आहे.” मउसांनी हरकत घेतली नाही. गदेईच्या हातून काडेपेटी काढून कोणीतरी चूल पेटवली. खिचडी आणि भाज्या घातलेल्या डाळीचा दालमा झाला. मीही जेवलो. दालमा फर्मास झाला होता.

एकटी कुंतला जेवली नाही. पंगत उठायच्या बेतात असताना ती मधोमध येऊन उभी राहिली.

“पोटं भरली? आता ऐका. नव्व्याण्णवमध्ये या गावातल्या कोणकोणाच्या आईला माझ्या बापाने अग्नी दिला, ते सांगू का नावं घेऊन? मास्त्रे, तुमच्या आजीला कोणी दिला? फुगून ओळखू येईना म्हणून तुमचे वडील लांब उभे होते. माझ्या बापाने कोणाला विचारलं नव्हतं, ही बाई कोणाच्या मोजणीतली म्हणून.”

फक्त बचावपथकाची चार पोरं उष्ट्या हातांनी उठली. या पोरांचा अजांशी जुना संबंध होता. दरवर्षी बचावाचा सराव व्हायचा तेव्हा जखमी माणसाचं काम अजा करायचे, कारण ते वजनाला हलके होते. पोरांनी त्यांना स्ट्रेचरवर इतक्या वेळा चढवलं-उतरवलं होतं की त्यांची हाडं त्यांना पाठ होती. “हळू रे पोरांनो, मला खरंच जखमी कराल,” असं ते ओरडायचे आणि सगळे हसायचे. आज पोरांनी त्यांना अगदी शिकवल्याप्रमाणे उचललं, मान सावरली, पट्टे बांधले, जिना उतरले. त्या जिन्यात पहिल्यांदाच त्यांना कोणी ओरडलं नाही. मला भरून आलं. मी सचिव असल्यामुळे जागचा हललो नाही.

बीडीओसाहेब दारापर्यंत धावले आणि उंबऱ्यावर थबकले. इशारा असताना निवाऱ्याबाहेर पाऊल टाकणाऱ्या कर्मचाऱ्यावर कारवाई होते, आणि तो आदेश त्यांनीच काढला होता. मग ते कर्णा घेऊन गच्चीवर गेले. समोर मऊ वाळू, निळंशार पाणी, अंगाला बरी वाटेल अशी झुळूक.

“कुंतलादेवी, परत या!” कर्णा गरजला. “बाहेर जीविताला धोका आहे! तुमच्या वडिलांच्या प्रकृतीला हा वारा मानवणार नाही!”

कुंतलाने वळूनसुद्धा पाहिलं नाही. लाकडं कोरडी होती. धूर सरळ वर गेला. गदेई गच्चीच्या कठड्याला धरून हमसाहमशी रडला. पलीकडे वायरलेसवर जिल्ह्याहून विचारणा झाली की खरकुसाहीच्या दिशेला धूर कसला दिसतो. बीडीओसाहेब म्हणाले, “आज्ञा, सराव चालू आहे.”

त्या संध्याकाळी इशारा उठला. साहेब स्वतः कुंतलाच्या घरी गेले, बाहेरच्या ओट्यावर बसले. माणूस वाईट नव्हता, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन. तोही नव्व्याण्णवमध्ये एका झाडावर बसून वाचला होता.

“बाई, तुमच्या भल्याचं सांगतो,” ते म्हणाले. “वडील निवाऱ्यात वारले म्हणालात, तर तो वादळातला मृत्यू. ढाल गेली, रस्ता गेला, गाव तुम्हाला माफ करणार नाही. निवाऱ्यात वारले नाहीत म्हणालात, तर डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे त्या दुपारी त्यांची प्रकृती स्थिर होती. स्थिर प्रकृतीच्या माणसाला चितेवर ठेवलं तर त्याला काय म्हणतात, ते मला पोलिसांकडून वदवून घ्यायचं नाही.”

“मग काय म्हणू मी?”

“म्हणा, सुरतला गेले.”

आमच्या गावात प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी सुरतेच्या कापडमागांवर कामाला आहे. तिकडे गेलेल्याची फारशी चौकशी होत नाही. त्यामुळे ही सूचना सगळ्यांना सोयीची वाटली. भटजींनी सांगितलं की सुरतला गेलेल्या माणसाचा दहावा घालता येत नाही. न्हावी म्हणाला, मृत्यूची वर्दी आलेली नाही. कुंतला एकटीच दाराआड बसून सुतकातलं एकवेळचं हविष्यान्न शिजवून खाऊ लागली.

सुतक फिटायच्या आतच ढालीचा सोहळा आला, कारण पाहुण्यांचं विमान ठरलेलं होतं. मंडप पडला, शाळेच्या मुलांनी स्वागतगीत म्हटलं. ते मीच बसवलं होतं. सर्वांत वृद्ध वाचलेल्या नागरिकाच्या वतीने त्यांच्या कन्येचा सत्कार झाला. शाल घातली. मग एका परदेशी पाहुणीने हौसेने छेनापोड या भाजलेल्या पनीरच्या मिठाईचा मोठा तुकडा उचलून कुंतलाच्या तोंडासमोर धरला आणि कॅमेरे पुढे सरकले.

सुतकात गोड तोंडात घालत नाहीत, हे पाहुणीला ठाऊक असायचं कारण नाही. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. खाल्लं नाही तर का खाल्लं नाही हे विचारलं जाणार, आणि उत्तरापाठोपाठ रस्ता जाणार, हेही ठाऊक होतं. कुंतलाने एकदा सगळ्या गावाकडे पाहिलं. पुढच्याच रांगेत गदेईची सून पोटावर हात ठेवून बसली होती, दिवस भरत आले होते तिचे. कुंतलाने तोंड उघडलं आणि तो तुकडा खाल्ला. टाळ्यांनी मंडप दणाणला. सगळ्यांत आधी टाळी मी वाजवली.

तुम्ही ती बातमी वाचली असेल. पहिल्या पानावर होती: ‘मैना आली आणि गेली, जीवितहानी निरंक.’ सोबत कुंतलाचा फोटो होता, तोंडात घास, डोळ्यांत पाणी, आणि खाली छापलं होतं ‘आनंदाश्रू’. चहाचा घोट घेत तुम्ही म्हणाला असाल, “चला, कोणी गेलं नाही,” आणि पान उलटलं असेल. बरं वाटलं ना? बीडीओसाहेबांनी तेव्हाच सांगितलं होतं, लोकांना बरं वाटेल. आम्ही हे सगळं तेवढ्यासाठीच केलं.