सहाव्या विजयासाठी गाडीत बसणे

विद्यापीठाची थोरवी त्याच्या फुटबॉल संघावरून ठरते, हे आता सर्वमान्य आहे. ग्रंथालय, प्रयोगशाळा वगैरे असतात. पण त्यांच्यासाठी हजारो माणसं तोंडाला हिरवा रंग फासून पावसात उभी राहिल्याची नोंद नाही. (ग्रंथालयात रंग फासून आत सोडतही नसावेत.)

सीडर रिव्हर विद्यापीठाच्या संघाचं नाव ऑटर्स, म्हणजे पाणमांजरं. अमेरिकन फुटबॉलमध्ये एक जण चेंडू छातीशी धरून पळतो आणि बाकीचे त्याच्या अंगावर पडतात. ऑटर्सच्या बाबतीत ते जरा लवकर पडतात. हंगामात बारा सामने असतात. सहा जिंकले की डिसेंबरात ‘बोल’ नावाच्या मानाच्या सामन्याचं आमंत्रण येतं. निम्मे सामने हरलेल्यांचाही सत्कार व्हावा, म्हणून केलेली ही उदात्त सोय आहे.

जवळच्या बॉथेल गावातली काही मराठी घरं वर्षानुवर्षं या संघाची सीझन तिकिटं, म्हणजे हंगामभरासाठी राखीव खुर्च्या, काढत आली आहेत. त्यातलं एक अहिल्याच्या वडिलांचं, चंद्रशेखर यांचं. ते जुलैत गेले. नियमाप्रमाणे मृताची जागा फक्त पती किंवा पत्नीला मिळते. अहिल्याची आई आधीच गेलेली. मुलगी हे नातं तिकीट विभागाला मान्य नाही. म्हणजे हंगाम संपला की खुर्चीही जाणार. तोवर त्या खुर्चीत बसून एक सामना पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहायचा, एवढंच अहिल्याने ठरवलं होतं. बाबा बोलवायचे तेव्हा ती ‘नेक्स्ट वीकेंड, नक्की’ म्हणायची.

पहिल्या सामन्याला ती गेली. बाबांनी खुर्चीला दोरीने बांधलेली उशी अजून तिथेच होती. मध्यंतरापर्यंत ऑटर्स शून्यावर, आणि तिला काही बसवेना. ती पार्किंगमध्ये गाडीत जाऊन बसली. उत्तरार्धात ऑटर्सनी गुण मिळवले आणि सामना जिंकला.

इथे बॉथेलच्या या मंडळींची शास्त्रीय पद्धत सांगणं भाग आहे. पहिल्या सामन्यात संघाने गुण मिळवले तेव्हा जो जिथे होता, त्याने हंगामभर तिथेच राहायचं. प्रल्हादकाका तेव्हा टॉयलेटच्या रांगेत होते; ते हंगामभर रांगेत राहिले. (नंबर आला की पुन्हा मागे जाऊन उभं राहायचं.) मालिनीकाकूंच्या तोंडात साबुदाणा वडा होता.

“अहिल्या, तू कुठे होतीस गं तेव्हा?” सुमंतकाकांनी चौकशी सुरू केली. सगळ्यांत ज्येष्ठ म्हणून हे खातं त्यांच्याकडे.

“गाडीत.”

“काय करत होतीस?”

“काही नाही, काका. जरा रडत होते.”

काकांनी गंभीरपणे मान हलवली. “गुड. तेच कंटिन्यू कर.”

अहिल्याने कंटिन्यू केलं. बाहेरगावचे सामने सुमंतकाकांच्या बेसमेंटमध्ये टीव्हीवर पाहिले जात. तेव्हा ती त्यांच्या ड्राइव्हवेत, गाडीत. शोक करायला इतकी निवांत आणि हीटर असलेली जागा दुसरी नाही, हे मान्य करायला हवं. मध्येच मालिनीकाकू काचेवर टकटक करून डबा आत देत आणि विचारत, “चालू आहे ना गं?”

अकरा सामन्यांत पाच विजय आले. सहा पराभवांचीही समाधानकारक कारणं सापडली: तीनदा ती ऑफिसच्या कॉलवर होती, दोनदा तिला डुलकी लागली, आणि एकदा बाबांची कसलीशी गोष्ट आठवून ती हसली होती. हे तिने स्वतःच कबूल केलं.

शेवटच्या सामन्याला मात्र ती तिकीट दाखवून थेट वर आली आणि खुर्चीत बसली.

“अगं, पाच झालेत! एकच हवाय यार!” सुमंतकाका कळवळले. “बाबांसाठी तरी गाडीत जा.”

“बाबांसाठीच आलेय, काका.”

“मग थोडं इथेच रड. ट्राय तरी कर.”

तिने प्रामाणिकपणे प्रयत्न केला. पण खाली काय चाललंय हे समजून घेण्याच्या नादात रडू येईना. शेवटच्या मिनिटाला ऑटर्स चार गुणांनी मागे, ओलांडली की सहा गुण देणारी रेषा दोन पावलांवर, आणि पळणाऱ्या पोराच्या हातातून चेंडू निसटला.

स्टेडियम रिकामं झालं. प्रल्हादकाका रांग सोडून आले.

“काय झालं?”

“हरलो.”

“कोणामुळे?”

सगळ्यांनी अहिल्याकडे पाहिलं. मालिनीकाकूंनी तोंडातला वडा अखेर गिळला.

“चंदूभावजींनी तरी दुसरं काय पाहिलं हो त्या खुर्चीतून?” त्या म्हणाल्या. “बस गं तू. दिवे बंद करेपर्यंत उठवत नाहीत.”

मग तेही सगळे बसले.

सोमवारी विद्यापीठाने प्रशिक्षकाची हकालपट्टी केली. हा निव्वळ अन्याय आहे, हे बॉथेलमध्ये सर्वांना ठाऊक आहे. पण पोर नुकतीच पोरकी झालेली, म्हणून साक्ष द्यायला कोणी पुढे आलं नाही.

ज्या वाचकांना ही माणसं वेडी वाटली असतील, त्यांनी क्रिकेटच्या एखाद्या अंतिम सामन्यात आपण घरातल्या कोणाला ‘हलू नका, आहात तसेच बसा’ असं दटावलं होतं, ते आठवावं. आणि ती व्यक्ती अजून तिथे बसलेली आहे का, तेही एकदा बघून यावं.