बिनभांडणाचे एजंट

माझ्या प्रोग्रॅममध्ये चूक सापडणं शक्यच नव्हतं! तो चालवण्याआधीच त्याचे सगळे नियम गणितात मांडून मी सिद्ध केले होते. सत्त्याण्णव साली बारामतीच्या आमच्या कॉलेजात हे करणारा मी एकटाच, त्यामुळे मान जरा ताठच असायची.

प्रश्न माझ्याच लग्नाचा होता. मुलगी सुकन्या, आमच्याच कॉम्प्युटर विभागात शिकवणारी. आम्ही दोघं राजी. पण लग्न कुणाच्या दारात, यावरून माझे वडील, शेळगावचे बिरदेव आबा, आणि तिचे वडील, नरसिंहपूरचे मोहनराव, पहिल्याच बैठकीत असे पेटले की चहाच्या कपाला कुणी हात लावला नाही. स्थळ मोडल्यातच जमा होतं.

"माणसं नकोत, एजंट बोलू देत!" मी जाहीर केलं. एजंट म्हणजे विम्याचे नव्हेत. आपल्या वतीनं बोलणी करणारे प्रोग्रॅम. एक आबांचा, एक मोहनरावांचा. कुणाचा अपमान नको म्हणून नियम घातला: समोरच्याचं ऐकल्याशिवाय आपलं म्हणणं मांडायचं नाही. मग भांडण होणं अशक्य, हे पानंच्या पानं भरून सिद्ध केलं!

रविवारी दोन्ही वडील लॅबमध्ये एकमेकांकडे पाठ करून बसले. सुकन्याच्या देखत मी बटण दाबलं.

पडद्यावर आबांचा एजंट म्हणाला, "आधी आपण बोला."

मोहनरावांचा म्हणाला, "छे छे, आधी आपण."

"आपणच आधी!"

"आपला मान पहिला!"

चहा आला, संपला. पडदा भरून वाहू लागला. प्रिंटर कागद ओकत सुटला.

"नाग्या," आबा गुरकावले, "ह्यातला मी कंचा?"

"पहिला."

"आरं, मी जन्मात कुणाची एवढी मनधरणी केली न्हाय!"

"मी तरी कवा केलीय?" मोहनराव गर्रकन वळले.

"पण भांडण झालं का?" मी छाती फुगवली.

"भांडण होणार नाही, हे सिद्ध केलंत," सुकन्या हळूच म्हणाली. "काही ठरेल, हे केलंत का?"

ते राहूनच गेलं होतं!

आबांना हसू फुटलं. "मोहनराव, ही पडद्यावरची दोघं म्हातारी होत्याल, पर बोलायची न्हाईत. तुमीच बोला."

"लगीन आमच्या दारात."

"तुमच्या तर तुमच्या! पर तारीख आमी काढणार."

"व्हय की!"

झालं! माझे डोळेच भरून आले. त्या ढ प्रोग्रॅमचे उपकार मी आजही मानतो, सुकन्याचे तर रोजच. मी दोघांच्या पाया पडलो आणि म्हणालो, "आता पुढचं सगळं कॉम्प्युटरवर…"

"ह्याला लग्नाच्या कुठल्याच कामाला हात लावू द्यायचा न्हाय!" दोघं एका सुरात ओरडले.

व्याह्यांचा हा एकमतानं झालेला पहिला ठराव. तो त्यांनी इतका कडक पाळला, की माझ्या लग्नाची तारीख मला पत्रिका छापून आल्यावर कळली!