गव्हाचा नवस

साखरपुड्यात सुधींद्रच्या बोटात अंगठी जात असताना नवऱ्या मुलीचे, निधीचे, वडील गजेंद्र पाटणकर हॉलच्या खांबाला पाठ घासत होते. आधी हळूच, मग लाज सोडून. कोपरं, गुडघे, मानेचा मागचा भाग, सगळीकडे एकदम आग पेटली होती आणि देवाने हात दिले होते दोनच. फोटोग्राफरने तेवढ्यात फोटोही काढला. मुलाची मावशी महालक्ष्मी हिने तर सगळ्यांदेखत विचारलं, "अंगाला काय झालंय हो तुमच्या? लागट नव्हे की?"

"छे, छे! घामोळं आहे," गजेंद्रराव म्हणाले. चेन्नईच्या जून महिन्यात हे उत्तर कुणालाही पटण्यासारखं होतं.

घामोळं नव्हतं ते. आठवड्यापूर्वीच अण्णा नगरच्या डॉक्टर कृष्णवेणींनी कातडीचा तुकडा तपासायला पाठवून निकाल दिला होता. रोग कातडीवर दिसत असला तरी त्याचं मूळ गव्हात होतं. दुसऱ्याला लागणारा नाही, पण कायमचा जाणाराही नाही. "गोळी देते, पण ती वाढवता येणार नाही, रक्त कमी होतं," त्या म्हणाल्या होत्या. "खरा उपाय एकच. गहू बंद. पोळी, रवा, मैदा, बिस्किटं, सगळं. जन्मभर."

गजेंद्रराव अंबत्तूरच्या एका कारखान्यात तयार माल तपासायचे. केसभर जाड निघालेला नट परत पाठवणारा माणूस. त्यांनी त्या खांबापाशीच मनाशी निश्चय केला, की जानेवारीत निधीच्या लग्नात, विधी चालू असेपर्यंत, अंगाला बोटही लावायचं नाही. एकुलत्या एका मुलीचं कन्यादान खाजवत खाजवत करणारा बाप म्हणून त्यांना नातेवाइकांच्या अल्बमात राहायचं नव्हतं.

साखरपुड्याच्या पंगतीत केळीच्या पानावर केसरी आली. तुपात न्हालेली, केशरी, रव्याची. गजेंद्ररावांनी पानावर हात आडवा धरला.

"कां हो? गोड नको?" विहीणबाई वसंताबाईंनी विचारलं. घराणं पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचं, स्वतः शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई. त्यांच्या हातचं कुणी नाकारलेलं नव्हतं. शेजारी महालक्ष्मीमावशी कान टवकारून बसली होती.

"नवस आहे," गजेंद्ररावांच्या तोंडून निघून गेलं. "निधीचं लग्न निर्विघ्न पार पडेपर्यंत गहू वर्ज्य."

विद्युलता, त्यांची बायको, घास हातात धरून बघतच राहिली. वसंताबाईंचे डोळे मात्र भरून आले. "लेकीसाठी एवढं कोण करतं? आमचे हे तर एक दिवस सकाळची कापी सोडत नाहीत. तुम्ही काळजी करूं नका. तुमच्या नवसाचं मी बघतें."

दुसऱ्या दिवसापासून वेलचेरीहून, वसंताबाईंच्या घरून, रसम येऊ लागलं. वसंताबाई सकाळी डबा भरायच्या, सुधींद्र तो मोटरसायकलवरून दोघांच्या ऑफिसात न्यायचा, तिथे निधीच्या हवाली करायचा आणि निधी तो संध्याकाळी बसमधून सांभाळत अण्णा नगरला घरी आणायची. विद्युलताला हिंगाच्या वासाने मळमळायचं, त्यामुळे पाटणकरांच्या घरात हिंग कधी आलाच नव्हता. गजेंद्रराव तर या रसमावर खूशच झाले. भात आणि रसम, गव्हाचा संबंधच नाही! संध्याकाळी वसंताबाईंचा फोन यायचा, "कसं झालंय रसम?" आणि ते मनापासून सांगायचे, "हिंग काय झकास पडलाय!"

पण खाज हटेना. ऑगस्टमध्ये डॉक्टर कृष्णवेणींनी कोपरं पाहिली आणि चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

"तुम्ही गहू खाताय."

"देवाशप्पथ नाही!"

"कुठून तरी पोटात जातोय."

गजेंद्ररावांना हे फार लागलं. घरी आल्यावर विद्युलताने जखमेवर मीठ चोळलं. "कारखान्याच्या कँटीनमध्ये चहाबरोबर बिस्किटं खात असाल."

"मी? अगं, समोरचा बुडवून खातो तेव्हा मी तोंड फिरवून बसतो!"

त्यांनी एक वही केली. तारीख, खाल्लेले पदार्थ, खाज किती. कारखान्यात करायचे तशीच तपासणी. सप्टेंबरच्या मध्यावर कंपनीने सुधींद्रला दीड महिना अमेरिकेला पाठवलं. डबा बंद झाला. आणि ऑक्टोबर संपता संपता वहीत पहिल्यांदाच लिहिलं गेलं, "खाज नाही." गजेंद्रराव आरशासमोर कोपर उलटसुलट करून बघत बसले. मग सुधींद्र परत आला, रसम परत आलं आणि दिवाळी उलटली तोच खाजही परत आली.

"वसंताबाई रसमात कणीक घालतात," त्यांनी विद्युलतापुढे वही आपटली.

"वेड लागलंय का तुम्हाला? रसमात कोण कणीक घालतं? आणि हे त्यांना विचारणार आहात? लग्न मोडायचंय?"

"विचारणार नाही. तपासणार आहे."

रविवारी पाहुण्यांची यादी घेऊन ते वेलचेरीला गेले. नशीब बलवत्तर होतं. व्याही राममूर्ती बाजारात गेले होते आणि दारात फुलवाली आली. वसंताबाई गजरा निवडायला बाहेर गेल्या. गजेंद्रराव "पाणी घेतो हं" म्हणत सरळ स्वयंपाकघरात शिरले. चिंच, मिरे, तूरडाळ, जिरं. सगळं निर्दोष. मग हिंगाची पिवळी डबी हाती लागली. त्यांनी चष्मा लावला, खिडकीकडे गेले आणि मुंगीच्या पायाएवढी अक्षरं वाचू लागले. डिंक. गव्हाचं पीठ. आणि मग हिंग.

गेले कित्येक महिने ज्याची ते रोज तारीफ करत होते, तोच चोर होता.

"काय बघताय?"

दारात वसंताबाई उभ्या होत्या. गजरा हातात तसाच. व्याही गजेंद्रराव चष्मा लावून त्यांच्या डबीत नाक खुपसून उभे.

"वास... वास घेत होतो," गजेंद्रराव म्हणाले. "सुरेख हिंग आहे."

वसंताबाईंनी त्यांच्या हातातून डबी काढून घेतली. मग म्हणाल्या, "पेरुंगायम एवढं आवडतं तुम्हाला? सरी, ठीक. मी बघतें."

गजेंद्रराव घामाघूम होऊन परतले. आता हिंग दुप्पट येणार, हे उघड होतं. खरं सांगावं तर एवढे दिवस त्या माउलीने नकळत नवस मोडला असं होणार. नवस खोटा होता म्हणावं तर रोग सांगावा लागणार, आणि तिथे महालक्ष्मीमावशी टपलेलीच होती.

"मी एक थेंबही पिणार नाही," त्यांनी विद्युलताला सांगितलं. "पण कुणाचं मनही दुखवणार नाही."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ते डबा उघडायचे, मोह नको म्हणून नाक दाबून रसम मोरीत ओतायचे, आणि फोन आला की सांगायचे, "वा! आज तर हिंगाने कमाल केली!" वरून तृप्त झाल्याचा आव आणायचे आणि आमटी-भात गिळायचे. डिसेंबर गेला, कोपरांवरची लाली विझली. जानेवारीत डॉक्टर कृष्णवेणींनी गोळी निम्मी केली. गजेंद्ररावांना स्वतःच्या निश्चयाचा फार अभिमान वाटला.

लग्नाच्या दिवशी ते पाटावर बसले ते दगडासारखे. होमाचा धूर आला, कपाळावरून घाम ओघळला, एक माशी येऊन थेट कोपरावर बसली. हलले नाहीत. निधीचा हात सुधींद्रच्या हातात देताना डोळ्यांत पाणी आलं, तेही त्यांनी पुसलं नाही. खांबापाशी फोटोग्राफर उगाचच ताटकळत उभा होता.

मग पंगत बसली. आणि वसंताबाई चांदीचं ताट घेऊन सरळ त्यांच्यासमोर आल्या. ताटात तुपाने थबथबलेली पुरणपोळी.

"नवस फिटला," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "पहिला घास माझ्या हातचा."

मंडळी गोळा झाली. महालक्ष्मीमावशी पुढे सरकली. गजेंद्ररावांनी पोळीकडे पाहिलं. तोंडाला पाणी सुटलं. पण एक घास, आणि सात महिन्यांची मेहनत पाण्यात. त्यांनी हात जोडले.

"वसंताबाई, माफ करा. नवस मी वाढवलाय. नातवंडाचं तोंड बघेपर्यंत गहू वर्ज्य!"

टाळ्या पडल्या. भटजींनी मान डोलावली. सुधींद्र लाजून पायाकडे बघू लागला, आणि निधीने बापाकडे असं पाहिलं की त्यांनी नजर विद्युलताकडे वळवली. तिथेही आसरा नव्हता.

वसंताबाई ताट ठेवायच्या निमित्ताने खाली वाकल्या. "काय केलंत हे?" त्या कुजबुजल्या. "तांदळाच्या पिठाची केलीय ती. खास तुमच्यासाठी."

"तुम्हाला... माहीत होतं?"

"तुमच्या रोगाचं निधीने सुधींद्राला पहिल्या दिवशींच सांगटलं होतं, त्याने मला. लेकीसाठी लपवताय, तर लपवूं दे, म्हटलं. हिंगाचं तेवढं माहीत नव्हतं. त्या दिवशी तुम्ही गेल्यावर मीही चष्मा लावून डबी वाचली, आणि तशीच कचऱ्यांत टाकली." त्यांनी ताट पुढे सरकवलं. "दोन महिने झाले, रसमांत पेरुंगायम नाहींच. आणि तुम्ही रोज फोनावर त्याची तारीफ करताय!"

गजेंद्ररावांच्या डोळ्यांसमोरून मोरीत गेलेलं दोन महिन्यांचं निष्पाप रसम वाहत गेलं. त्यांनी हळूच ताटाकडे हात नेला. पण महालक्ष्मीमावशी जास्त चपळ होती.

"अहो, नवसाच्या माणसापुढे पोळी काय ठेवताय!" तिने ताट उचललं, आणि तांदळाच्या पुरणपोळीचा पहिला तुकडा स्वतःच्याच तोंडात टाकला. "आह्! वसंता, काय मऊ झालीय ग!"

वसंताबाई पदराआड हसत होत्या. गजेंद्ररावांनी पुढे नेलेला हात मागे घेतला. तो आपोआप मानेमागे गेला आणि ते मान खाजवू लागले. तेवढ्यात फोटोग्राफरचा फ्लॅश उडाला. सात महिन्यांत आज पहिल्यांदाच ते खाज नसताना खाजवत होते.