आधी रक्तदाब, मग बाटली

ही १९७३ सालची गोष्ट. त्या काळी नागपुरात लग्नासाठी मुहूर्तापेक्षा मुलाची नेमणूक महत्त्वाची मानली जाई. माझ्या धाकट्या बहिणीचं, प्रमोदिनीचं, लग्न चंद्रभानशी ठरलं होतं. तो विणकरांच्या घरचा, तेवीस वर्षांचा, सरकारी कारकुनीसाठी निवडला गेलेला. फक्त वैद्यकीय तपासणी उरली होती. आमचे वडील गोपाळराव यांनी बजावलं होतं, "आधी ऑर्डर, मग अक्षता."

मेडिकल बोर्डाच्या तपासणीचा क्रम वरूनच ठरून आलेला होता. आधी सरकारी इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर रक्तदाब, तो ठीक निघाला तर तळमजल्यावर लघवीची बाटली. दाराशी बसणाऱ्या जागेश्वर बाबूंनी चंद्रभानला समजावलं, "पानी भरपूर पिऊन घे गा. अन् अधेमधे कुठी जाऊ नको. ऐन वेळेस बाटलीत द्यायले काही नसलं, तं फाईल अडते."

चंद्रभान आज्ञाधारक. तांब्याभर पाणी प्यायला आणि बाकावर बसून राहिला. सकाळी यायचे डॉक्टरसाहेब दुपारी आले.

आकडा निघाला एकशे पन्नास.

"या वयात?" डॉक्टर दचकले. "विडी ओढतोस?"

"नाही साहेब."

"मीठ जास्त खातोस?"

"भाजीत राहते तेवढंच."

"मग चिंता करत असशील. चिंता करू नकोस. चिंता केलीस तर ही नोकरी गेली समज."

एवढा धीर देऊन त्यांनी पुन्हा मोजला, तर आकडा आणखी चढला. डॉक्टरांनी शेरा मारला, 'उमेदवार सूचना पाळत नाही.' वरचं जमलं नाही म्हणून खालची बाटलीही मिळाली नाही.

मग उपाय सुरू झाले. चंद्रभानचा झणझणीत रस्सा बंद, मीठ बंद, सिनेमा बंद. प्रमोदिनीला पाहून रक्त उसळतं, असं बाबांचं मत पडल्यामुळे तिची भेटही बंद. पुढच्या तारखेला बाबा स्वतः सोबत गेले. त्याला आधार म्हणून.

"चंद्रभानजी, आता कसं वाटून राहिलं?" ते घडोघडी विचारत. "नाही म्हणजे, तुमचं नाही जमलं, तर आम्हाले दुसरं स्थळ पाहावं लागन. तुम्ही मात्र शांत राहा."

आकडा एकशे सत्तरवर गेला. बोर्डाला आता मूत्रपिंडाचा संशय आला. सबब, पुढच्या वेळी नमुना जास्त हवा. सबब, पाणी दुप्पट.

त्या शेवटच्या तारखेला भेटबंदी मोडून आम्ही बहिणीही गेलो होतो. चंद्रभान गुडघे जुळवून, डोळे मिटून बसला होता. दंडाला पट्टी बांधली गेली, तसा तो कण्हत म्हणाला, "साहेब, आधी जाऊन येऊ काय?"

"क्रम बदलायचा तर वरून मंजुरी आणावी लागेल."

"मंजुरीपर्यंत मी नाही थांबू शकत, साहेब!"

असं म्हणून तो धावतच सुटला. दंडाला पट्टी, मागे लोंबणारी रबरी नळी आणि तिच्यामागे डॉक्टर. परत आला तेव्हा चेहऱ्यावर साधूची शांती होती. दाब मोजला. एकशे वीसवर ऐंशी! बाबांनी डोळे पुसले.

तेवढ्यात जागेश्वर बाबू बाटली घेऊन आले. "हं, नमुना दे गा."

"तो... मागच्या भिंतीले गेला, बाबूजी."

निकाल लागला: 'रक्तदाब योग्य. मात्र उमेदवाराने नमुन्याची परस्पर विल्हेवाट लावली. अपात्र.'

घरी येताच बाबा दुसऱ्या स्थळांची नावं काढू लागले. प्रमोदिनी म्हणाली, "बाबा, मले नमुना नको, माणूस पाहिजे." वर्षभर ती हलली नाही, तेव्हा अक्षता पडल्या.

चंद्रभान नागपूरजवळच्या वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात लागला. तिथे मालकाने त्याला एक पोतं उचलायला लावलं, बाकी काही विचारलं नाही. तो म्हातारा होईपर्यंत ठणठणीत राहिला. डॉक्टरसाहेब तरुणांच्या वाढत्या रक्तदाबावरच्या समितीचे अध्यक्ष झाले. निष्कर्ष निघाला की आजच्या पिढीत संयम नाही. जागेश्वर बाबू बढतीवर तिसऱ्या मजल्यावर गेले. प्रमोदिनीने दोन मुली वाढवल्या आणि त्यांच्या लग्नात कुणाची ऑर्डर मागितली नाही. बाबा शेवटपर्यंत सांगत राहिले, "पोरगा हिरा आहे, हे मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं."

हसलात ना बोर्डाला? हसा. उद्या एखादा मुलगा तुमच्या दिवाणखान्यात अंग चोरून बसेल. तुम्ही त्याला पगार विचाराल, नोकरी पक्की का विचाराल, स्वतःचा फ्लॅट विचाराल. आणि त्याच्या कपाळावर घाम दिसला, की आत जाऊन बायकोला हळूच सांगाल, "मुलाची तब्येत काही बरी दिसत नाही."